सोळा झुडपं

सोमवार, ४ जानेवारी १९३७

कचेरीच्या कपाटात ही वही मिळाली. पहिल्या पानावर कुण्या मुलीच्या अक्षरात ‘नौकानयन, गट तिसरा’ असं लिहिलेलं आहे. ते पान फाडलं नाही. वही कॅम्पची आहे, माझी नाही.

मी ऑल्डन व्हार्नी, वय बावीस. म्हातारा व्हर्जिल सप्टेंबरात वारला, त्याच्या जागी ऑक्टोबरपासून मी या मुलींच्या उन्हाळी कॅम्पचा हिवाळी रखवालदार आहे. उन्हाळ्यात इथे नव्वद मुली असतात म्हणे. मी अजून एकही पाहिलेली नाही. आत्ता इथे बावीस केबिनी आहेत, त्यांच्या छपरांवरचं हिम आहे, गाद्यांत शिरू पाहणारे उंदीर आहेत आणि मी आहे. गाद्या तारेवर टांगल्या, तरी उंदीर तारेवरून चालत येतात. कसे येतात ते एकदा बसून पाहिलं. एकामागून एक, शिस्तीत.

तळ्यात भोक पाडून बर्फ मोजलं. पाच इंच. कापायला बारा लागतं.

शनिवार, ९ जानेवारी

मिस हॅडलींचं पत्र आलं. कॅम्प त्यांचा, हिवाळ्यात त्या बॉस्टनला असतात. अक्षर सुंदर आहे. लिहितात: ‘सातशे लाद्यांनी बर्फघर भरलं नाही, तर मुलींचं दूध आणि मांस टिकणार नाही, आणि आरोग्य खातं परवानगी देणार नाही. म्हणजे जूनमध्ये कॅम्प उघडणार नाही, आणि मला तुम्हालाही ठेवता येणार नाही.’

पत्र चार वेळा वाचलं. ‘तुम्हालाही’ मधला ‘ही’ मला आवडला नाही.

मला दुसरीकडे जायला जागा नाही, हे इथे लिहायला हरकत नाही. सातवीत शाळा सोडली. लाकडाच्या गिरणीत दोन वर्षं होतो, तिथे मी फार हळू काम करतो म्हणून काढलं. इथे हळू काम केलेलं कुणी बघत नाही. इथे मला राहायचं आहे.

बर्फ सहा इंच.

बुधवार, १३ जानेवारी

आज थर्लोकाका पीझली आले. तळ्याचा गळा जिथे अरुंद होतो तिथे पलीकडच्या काठावर त्यांचं शेत आहे. वय अडुसष्ट. तीस वर्षं इथलं बर्फ त्यांच्या देखरेखीखाली कापलं जातं. लोक त्याचा मोबदला घेत नाहीत. उन्हाळ्यात कॅम्पला दूध, अंडी, पाव, धुणं सगळं याच लोकांकडून जातं, आणि हिवाळ्यात शनिवारचा नाच कॅम्पच्या जेवणघरात होतो. पण लोक मी बोलावल्यानं येणार नाहीत. थर्लोकाका आले की येतात.

आम्ही दोघांनी गोठलेल्या तळ्यावर वाट रोवली. स्प्रूसची, म्हणजे सुईसारख्या पानांच्या सदाहरित झाडाची, कंबरेएवढी झुडपं तोडायची, बर्फात भोक पाडून उभी करायची आणि वर पाणी ओतायचं. घटकाभरात ती दगडासारखी घट्ट होतात. दोन ओळी, मधे स्लेज जाईल एवढी जागा. काठापासून काठापर्यंत तीनशे पावलं. अंतर चुकू नये म्हणून मी पाच-पाच पावलांवर गाठी मारलेली दोरी केली होती. थर्लोकाकांनी दोरीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“व्हर्जिल पावलांनी मोजायचा,” ते म्हणाले.

“माझी पावलं सारखी पडत नाहीत, काका.”

“अरे, झुडपांना ते कुठं कळतंय?” मग थोड्या वेळानं म्हणाले, “हे बघ. दोन ओळी म्हणजे वाट. फेर म्हणजे पाणी. जिथं बर्फ कापलं तिथं भोवती फेर रोवायचा, पावलागणिक एक झुडूप, कुत्रंही आत शिरू नये असा. आणि फेर बंद झाल्याबिगर कुणी घोडा सोडायचा नाही. हिमाच्या मार्‍यात स्वतःचं नाक दिसत नाही, पण झुडूप दिसतं. मी तर डोळ्यांवर जातच नाही. झुडपांवर जातो.”

एकशे बावीस झुडपं रोवली. सहा उरली. ती बोटघराच्या भिंतीला लावून ठेवली.

गुरुवार, २१ जानेवारी

पाऊस. जानेवारीत. काल आठ इंच होतं, आज साडेसात, आणि वर पाणी साचलं आहे. दिवसभरात पाच वेळा मोजलं. मोजल्याने बर्फ वाढत नाही हे मला माहीत आहे.

दुपारी ओव्हिड थिबोडो आला. हा पलीकडच्या रानात लाकडं तोडतो, त्याचे वडील कॅनडातून आलेले. हात केवढे तरी. मला भोकाशी वाकलेला पाहून काठावरून ओरडला, “काय मोजणीदार! आज किती?”

“साडेसात.”

“अर्धा इंच कुठं गेला? उंदरांनी खाल्ला?”

गावात मला सगळे मोजणीदार म्हणतात असं त्यानेच सांगितलं. त्याने कुठल्याशा कामासाठी आल्याचं सांगितलं, पण काम काही केलं नाही. शेगडीत लाकडं कमी दिसली म्हणून वखारीतून दोन ओझी आणून टाकली आणि गेला. मी व्हर्जिलसारखा नीट राहतो की नाही, हे पाहायला यांना कुणी पाठवतं का, कळत नाही.

गुरुवार, २८ जानेवारी

वारा उत्तरेकडे फिरला. चार दिवस पारा शून्याच्या खाली आहे. दहा इंच.

ल्युएला पीझली शाळा सुटल्यावर वाटेने चालत आली. ती थर्लोकाकांची मुलगी, गावच्या शाळेत शिकवते. सफरचंदं भरून भाजलेला गोड ‘पाय’ ताटात घालून आणला होता. म्हणाली, “ताट घाईनं परत करू नकोस. मी येईन न्यायला.” मग कचेरीतला शब्दकोश चाळत बराच वेळ बसली. शाळेत शब्दकोश नसावा. मी तिला घेऊन जायला सांगितलं, तर हसली आणि नको म्हणाली. मला समजलं नाही, पण सफरचंदाचा पाय चांगला होता.

सोमवार, १ फेब्रुवारी

बारा इंच. तीन ठिकाणी मोजलं. बारा, बारा, सव्वाबारा. चार वाजता जेवणघराची घंटा वाजवली. बर्फ तयार झालं की रखवालदाराने ती वाजवायची असते. तळ्यापलीकडून थर्लोकाकांच्या गोठ्याची घंटा वाजली, मग आणखी एक कुठली तरी, मग रानाच्या बाजूची. ते येणार.



बुधवार, ३ फेब्रुवारी

सगळं नीट लिहितो.

सकाळी चौदा माणसं आणि पाच घोडे. काठापासून वीस पावलांवर, वाटेच्या डावीकडे, थर्लोकाकांनी जागा ठरवली. त्यांची घोडी मॉड, वीस वर्षांची, पांढर्‍या नाकाची, बर्फावर कापायच्या रेघा मारायचा नांगर तिनेच ओढला. मग लांब करवती. लाद्या पाण्यात तरंगत काठाकडे ढकलायच्या, तिथून घसरणीवरून बर्फघरात. मी आत रचत होतो. लादी, भुसा, लादी, भुसा.

मॉडच्या गळ्यात एक जाडी दोरी सैल अडकवलेली होती. सगळ्याच घोड्यांच्या होती. मी विचारलं कशाला. ओव्हिड म्हणाला, “पाण्यात पडली तर गळा आवळायला.” मला वाटलं थट्टा करतोय. मी हसलो.

“हसू नकोस,” थर्लोकाका म्हणाले. “श्वास आत कोंडला की घोडा फुगून पिंपासारखा तरंगतो. आवळायचं, बाहेर ओढायचं आणि लागलीच सोडायचं. उशीर झाला तर मेला, आवळलं नाही तर बुडाला. मला आयुष्यात दोनदाच करावं लागलंय.”

साडेतीनपर्यंत तीनशे ऐंशी लाद्या! पाण्याचा पट्टा पस्तीस पावलं लांब, पाच पावलं रुंद झाला. मग दक्षिणेकडून कोमट वारा सुटला. भुसा अजून वरच्या थराला घातला नव्हता, आणि उघड्या लाद्या एकमेकींना चिकटू लागल्या होत्या. त्या चिकटल्या की उन्हाळ्यात कुर्‍हाडीने फोडाव्या लागतात, निम्म्या वाया जातात.

लोक फेर रोवायला थांबले होते. गाई दोहायची वेळ होऊन गेली होती, घोडे घामाने ओले होते. मी म्हणालो, “तुम्ही सगळे जा. फेर मी रोवतो.”

थर्लोकाका म्हणाले, “झुडपं आहेत पुरेशी?”

मी हो म्हणालो. भिंतीशी सहा होती. हे मला ठाऊक होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि व्हर्जिलकडे कधी झुडपं कमी पडली नसती.

ते गेल्यावर मी हिशेब केला. पावलागणिक एक म्हणजे ऐंशी लागणार. आधी भुसा की आधी झुडपं? भुसा घातला, नाहीतर वरचा सगळा थर गेला असता. तासभर लागला. मग अंधार पडेपर्यंत थोडाच वेळ उरला. सहा होती. आणखी दहा वाटेच्या कॅम्पकडच्या टोकाची उपटून आणली, कारण तिथून कॅम्पचा काठ दिसतोच आणि वाट आता सगळ्यांच्या पायाखालची आहे. एकूण सोळा. ती पाण्याच्या दोन्ही लांब बाजूंना आठ-आठ लावली. गाठीच्या दोरीने पाच-पाच पावलं बरोबर अंतर. अगदी सरळ आली. काठावरून पाहिलं तर सुंदर दिसतात. दोन्ही आखूड टोकं उघडी राहिली आहेत, ती सकाळी उजाडताच पुरी करीन. ओव्हिडच्या रानात झुडपं पुष्कळ आहेत.

आजचा दिवस चांगला गेला. हे वाक्य मी फारसं लिहीत नाही.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

रात्री वारा पुन्हा फिरला होता. उजाडताना कडाक्याची थंडी आणि हिमाचा मारा, आडवा. कुर्‍हाड घेऊन मी झुडपं तोडायला निघालो आणि बर्फघराच्या दाराशी थांबलो, वरचा थर एकदा पाहावा म्हणून.

तेव्हा मॉडच्या घंटा ऐकल्या. थर्लोकाका सगळ्यांच्या आधी येतात. घंटा वाटेच्या बाजूने आल्या, मग जरा डावीकडे सरकल्या, मग एकदम थांबल्या. आवाज मोठा झाला नाही. ताट फुटावं तसा झाला.

मी धावलो. पाण्यावर रात्रीत पातळ साय धरली होती आणि तिच्यावर हिम, म्हणून सगळं एकसारखं पांढरं. मॉड मानेपर्यंत आत होती. स्लेजचा पुढचा भाग पाण्यात, मागचा काठावर अडकलेला. थर्लोकाका बाजूला फेकले गेले होते, पोटावर पडून काठाला धरून होते, एक पाय मांडीपर्यंत भिजलेला.

“मला राहू दे!” ते ओरडले. “दोरी! तिची दोरी!”

मी फळी टाकून तिच्यावर आडवा झालो. दोरी हाताला लागली. मॉडचं तोंड माझ्या तोंडापासून हातभर. ती माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं मी तिला काढायला आलोय.

“आवळ! बघत काय बसलास? आवळ!”

आवळली. तिचे डोळे पांढरे झाले. ती धडपडली, मग घोगरा आवाज, मग आवाजच नाही. आणि ती वर आली. खरंच पिंपासारखी, कुशीवर तरंगत. मी दोरी सोडली नाही. किती वेळ ते माहीत नाही, मोजलं नाही. मग ओव्हिड आणि त्याचा घोडा हिमातून आले. त्याने दोरी साखळीला अडकवली, आडव्या फळ्यांवरून मॉडला खेचून काढलं, आणि मी तिच्या मानेवरचा फास सोडवत होतो तर बोटं उघडतच नव्हती. ओव्हिडने ती एक-एक करून उघडली.

ती पडून राहिली. मग खोकली. लोकांनी तिला पोत्यांनी घासलं, उभं केलं, चालवलं. जगली आहे. मागचा डावा पाय टेकत नाही.

थर्लोकाकांना जेवणघरात शेगडीपाशी बसवलं. ते सारखे तेच म्हणत होते. “झुडपं होती. दोन ओळी. मी मधून चाललो होतो. वाटच होती.” मग हळू आवाजात, कुणालाच नाही: “पण वाट तिथं नाहीच. मला कशी दिसली?”

लोक भोवती उभे होते. एक म्हणाला, “हिम होतं, काका. अशा वेळी कुणालाही काहीही दिसतं.”

“मला तीस वर्षांत दिसलं नव्हतं.”

मी शेगडीत लाकूड घातलं. आत्ता सांगून टाकावं असं तीन वेळा वाटलं. तळ्यावर सगळं तुडवलं गेलं होतं, झुडपं पडली होती, ती कुठे होती हे आता कुणालाच दिसणार नव्हतं. अजून तीनशे वीस लाद्या बाकी आहेत. मी सांगितलं आणि हे लोक निघून गेले तर बर्फघर अर्धंच राहील.

म्हणून बोललो नाही. हे कारण आहे. मी ते दोनदा तपासलं.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

‘निष्काळजी’. शब्द पाच वेळा लिहिला. लेखन बरोबर आहे.

संध्याकाळी दारासमोर झुडपांचा ढीग. ओव्हिडने स्लेजभर आणून टाकली. “नव्वद आहेत. मोजून घे,” म्हणाला. मग स्वतःच माझ्याबरोबर फेर रोवायला उभा राहिला, पावलागणिक एक, टोकांसकट. उघड्या टोकांशी तो जरा जास्त वेळ थांबला. मी आभार मानले. त्याने काही विचारलं नाही. भला माणूस आहे.

शनिवार, ६ फेब्रुवारी

कापणी पुन्हा सुरू. थर्लोकाका आले नाहीत. ओव्हिडने रेघा मारल्या, वाकड्या. दोनशे दहा लाद्या. कुणी गाणं म्हटलं नाही. बुधवारी म्हणत होते.

रविवार, ७ फेब्रुवारी

ल्युएला ताट न्यायला आली. तिने बसायच्या आधीच सांगितलं, “बाबा बाहेर पडत नाहीत. काल मला गोठ्याच्या दाराशी उभं केलं, स्वतः घराच्या पायरीवर उभे राहिले आणि बोटं दाखवायला लावली. मी तीन दाखवली, ते तीन म्हणाले. चार दाखवली, चार म्हणाले. मग म्हणतात, तू ओठ हलवतेस, मला कळावं म्हणून.”

मी म्हणालो, “त्यांचे डोळे चांगले असतील.”

“असतील? तुला काय वाटतं?”

मला काय वाटतं हे तिने का विचारावं? मी डॉक्टर नाही.

“घोडे विकायचं म्हणतात,” ती म्हणाली. “ज्याला दिसत नाही त्यानं लगाम धरू नये म्हणे. उद्या सगळ्यांच्या जेवणाच्या वेळी म्होरक्याची करवत ओव्हिडला देणार आहेत.” आणि मग माझ्याकडे नीट बघत: “ऑल्डन, तुला काही सांगायचंय का मला?”

मी म्हणालो, सफरचंदाचा पाय चांगला होता. खरंच होता. ती उठली आणि ताट न घेताच गेली. मी चहा विचारला नाही म्हणून वाईट वाटलं असेल.

नाही. तसं नाही. मला माहीत आहे तसं नाही ते.

सोमवार, ८ फेब्रुवारी

शेवटची लादी दोन वाजता आत गेली. सातशे. भुसा घातला, दार लावलं, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. मिस हॅडलींना हवं होतं ते झालं. मला वाटलं होतं, हे झालं की बरं वाटेल.

चार वाजता जेवणघरात सगळे जमले. दरवर्षीची रीत: बायका घमेल्याएवढ्या भांड्यात घेवड्याचे दाणे गुळाबरोबर भाजून आणतात, काळा पाव, लोणचं. शेवटी बर्फाचा म्होरक्या आपली करवत टेबलावर ठेवतो आणि पुढच्या वर्षी कोण, ते सांगतो. तीस वर्षं थर्लोकाका ती टेबलावर ठेवत आणि परत स्वतःच उचलत. लोक दरवर्षी हसत.

आज ते कांबळं पांघरून आले, ल्युएलाचा हात धरून. सपाट जमिनीवर हात धरून. करवत ठेवली आणि ओव्हिडसमोर सरकवली.

“तू घे. मला आता जे नाही ते दिसायला लागलंय.”

ओव्हिडने करवतीला हात लावला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं मीठ हवंय, म्हणून मी मीठ पुढे केलं. त्याने मीठही घेतलं नाही.

मग मी उभा राहिलो. लोकांसमोर उभं राहून मी कधी बोललेलो नाही. जे बोललो ते आठवतं तसं लिहितो.

“काका, तिथं दोन ओळी होत्या. मी लावल्या होत्या. झुडपं पुरेशी नव्हती. मी आहेत म्हणालो ते खोटं होतं. सहा होती. दहा मी वाटेच्या टोकाची उपटली. आठ-आठ लावली, दोन्ही टोकं उघडी ठेवली, आणि भुसा घालायला आधी गेलो. गुरुवारी मी तुम्हाला सांगायला हवं होतं. बर्फ पुरं व्हावं म्हणून सांगितलं नाही.”

शेगडीत लाकूड फुटलं. दाराजवळ कुणीतरी शिवी दिली, हळू, पण ऐकू आली.

थर्लोकाका म्हणाले, “कितीवर लावली होतीस?”

“पाच-पाच पावलांवर. वाटेच्याच दोरीनं.”

“आणि वाट टोकाला मोडलेली.”

“हो.”

“म्हणजे समोर एकच वाट. तुझी.”

“हो, काका.”

“सरळ होत्या का रे ओळी?”

“दोरीत.”

“मला सरळच दिसल्या,” ते म्हणाले. “ल्युएला, ऐकलंस? सरळ दिसल्या होत्या मला. आठ-आठ.” त्यांनी कांबळं खाली टाकलं, हात लांब केला आणि करवत परत ओढून घेतली. ल्युएला उठून शेगडीकडे तोंड करून उभी राहिली.

“सांगायला चार दिवस लावलेस,” ओव्हिड मला म्हणाला. “मी तीन धरले होते.”

“तुला माहीत होतं?”

“टोकांच्या बर्फात झुडपांची भोकंच नव्हती, बघितलं मी. आज जेवण होईतो वाट बघणार होतो. मग मीच सांगणार होतो, आणि तुला त्या खिडकीतून बाहेर टाकणार होतो. दाणे खाऊन झाल्यावर.”

एक-दोघे हसले. सगळे नाही. दाराजवळच्या माणसाने टोपी घातली आणि तो निघून गेला, त्याच्यामागून त्याचा भाऊ. ते पुढच्या वर्षी येतील की नाही माहीत नाही.

थर्लोकाका हसले नव्हते. सगळं शांत झाल्यावर म्हणाले, “माझं जाऊ दे. मॉडनं तुझं काय केलं होतं?”

मी पुढे केलेलं मीठ उचलून परत जागेवर ठेवलं.

“पाय आखडू नये म्हणून तिला रोज सकाळी तासभर चालवावं लागणार,” ते म्हणाले. “माझ्यानं होणार नाही. सहाला यायचं. वाटेनं.”

बुधवार, १० फेब्रुवारी

काल वाटेची दहा झुडपं पुन्हा रोवली, मगच पलीकडे गेलो.

मिस हॅडलींना पत्र लिहिलं. सातशे लाद्या, आणि बाकीचं सगळं, सोळा झुडपांसकट. आज ते थर्लोकाकांना वाचून दाखवलं. त्यांना भरभर वाचता येतं, पण माझ्याकडून वाचून घेतलं. म्हणाले, “खाली एक ओळ घाल. ‘याला फेर रोवता येत नाही. पुढच्या हिवाळ्यात मी शिकवणार आहे.’ घातलीस? आता माझं नाव.”

“पण काका, त्यांनी मला ठेवलंच नाही तर?”

“तर मी शिकवणार कुणाला? बाई हुशार आहे, तिला कळेल. पीझलीतला पी मोठा काढ.”

ल्युएला दारात उभी होती. ताट अजून माझ्याकडेच आहे हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “माहीत आहे.”

मॉडला गोठ्याबाहेर काढलं. लगाम लांबून धरला तर चालते. लंगडते, पण चालते. मी मानेपाशी हात नेला की मान झटकून मागे सरते, कान पाडून. दोन्ही दिवस तसंच.

थर्लोकाका पायरीवरून बघत होते. मी विचारलं, “किती दिवस यायचं, काका?”

“मला काय विचारतोस?” ते म्हणाले. “तिला विचार.”

मी हात खिशात घातला, आणि तिच्या बाजूने, हातभर अंतर ठेवून चालत राहिलो.